परचुरे-कुटीच्या उंबऱ्याशीं

गेल्या आश्विनांत आम्हांस विदर्भाचा प्रवास घडला. आमच्या पुतण्याच्या मुलीस सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयांत प्रवेश मिळाला, आणि तिला तेथें पोंचविण्यास घरांतील कोणा तरी वडील माणसानें जावें असें ठरलें. हा मान वास्तविक तिच्या सख्ख्या आजोबांचा, म्हणजे आमच्या दादांचा; पण अर्धांगाच्या झटक्यानें ते दोन वर्षें अंथरुणाला खिळलेले आहेत. पुतण्यास रजा मिळेना, सूनबाईंच्या मागें धाकट्याची परीक्षा. तेव्हां शाळेतून निवृत्त होऊन कांहीं वर्षें लोटलेल्या आमच्यावर हें काम आलें. आम्हीही तें आनंदानें पत्करलें. वाईस कृष्णाकांठीं सारा जन्म गेला. ज्या गांवाचें नांव मुलांना धड्यांतून शिकविलें, तें गांव पाहण्याचा योग साठी उलटली तरी आला नव्हता.

निघण्याच्या आदल्या रात्रीं सामानाची बांधाबांध चालली असतां नातीनें विचारलें, “अप्पाआजोबा, तिथं पहिले पंधरा दिवस आम्हांला गांधीजींच्या आश्रमांत राहायचं आहे. झाडलोट, सूतकताई, प्रार्थना, सगळं. म्हणजे वैद्यकाच्या आधीं अध्यात्म! पण रोग्याजवळ अध्यात्म म्हणजे नक्की करायचं तरी काय? नाडी मोजतां येते, ताप मोजतां येतो; हें कशानं मोजायचं?”

आमची हयात संस्कृत शिकविण्यांत गेलेली. आम्हीं तत्काळ समास सोडवून दाखविला: अधि आणि आत्मन्, अव्ययीभाव, आत्म्याच्या ठिकाणीं जें, तें अध्यात्म. गीतेच्या आठव्या अध्यायांत स्वभावालाच अध्यात्म म्हटलें आहे, हेंही सांगितलें. तिनें शांतपणें ऐकून घेतलें व म्हणाली, “समास समजला, आजोबा. पण मी रोग्याजवळ जाऊन काय करूं?” व्याकरणानें आमची अब्रू राखली, उत्तर मात्र आलें नाहीं. तो प्रश्न बिछान्याच्या वळकटीबरोबर आमच्या सामानांत आला.

साताऱ्यास संध्याकाळीं गाडी धरली. रात्रीं पुणें, पहांटे मनमाड, सकाळीं भुसावळ अशीं मोठीं स्थानकें मागें पडत गेलीं. खानदेशांतील केळीचे बाग संपून काळी कसदार जमीन सुरू झाली. कपाशीचीं पहिलीं बोंडें उमलूं लागलीं होतीं आणि त्यांच्या ओळींतून तुरीचीं हिरवीं रोपें डोकें काढून होतीं. अकोल्याच्या अलीकडे शेगांव लागलें. डब्यांतील बरेच लोक गजानन महाराजांच्या दर्शनासाठीं उतरले. वर्ध्याजवळील ज्या खेड्यांत गांधीजी जाऊन राहिले, त्याचें मूळ नांव सेगांव. या दोन नांवांच्या साम्यामुळें टपालाचा घोटाळा होई, म्हणून १९४० सालीं त्या खेड्याचें नांव सेवाग्राम असें ठेवण्यांत आलें. नांव बदललें तें टपालाच्या सोयीसाठीं. पुढें तें अर्थानेंही गांवाला लागू पडलें.

दुपार टळल्यावर वर्धा आलें. तेथून सेवाग्राम सुमारें ८ किलोमीटर. रस्ता सरळ, दुतर्फा झाडें, मधून मधून नवीं घरें व दुकानें. नातीच्या वसतिगृहाची व्यवस्था लावून, सायंकाळच्या प्रार्थनेपूर्वीं आम्ही दोघें आश्रमांत गेलों.

जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून गांधीजी वर्ध्यास आले, आणि १९३६ च्या एप्रिलअखेर या खेड्यांत राहावयास गेले. आरंभीं सर्वांना मिळून एकच घर होतें, तें आदि-निवास. पुढें एकेक कुटी उभी राहिली. आज बापू-कुटी म्हणून जी दाखविली जाते, ती मीराबेननीं मुळांत स्वतःसाठीं बांधली होती. मातीच्या भिंती, बांबू, वर कौलें, शेणानें सारवलेली जमीन. आपल्या कोंकणांतील वा देशावरील साध्या घराहून तींत अधिक असें कांहीं नाहीं. कमी मात्र पुष्कळ आहे. बसावयाची चटई, लिहिण्याचें ठेंगणें मेज, आणि जवळच आजारी माणसास ठेवण्याची लहानशी जागा. ज्याच्याकडे देशाचे पुढारी सल्ल्यास येत, त्यानें आजाऱ्याची सोय आपल्या बैठकीच्या इतकी जवळ केली, ही गोष्ट आमच्या मनांत राहिली. बाहेर अंगणांत गांधीजींनीं लावलेला पिंपळ व कस्तूरबांनीं लावलेली बकुळ अजून उभी आहे.

या कुटींपासून थोड्या अंतरावर एक लहान कुटी आहे. तिला परचुरे-कुटी म्हणतात. आमच्या प्रवासाचें खरें ठिकाण तेंच ठरलें, म्हणून तिची हकीकत सविस्तर सांगणें अवश्य आहे.

दत्तात्रेय परचुरे शास्त्री हे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित. सत्याग्रहांत ते तुरुंगांत गेले. १९३२ सालीं गांधीजी येरवड्यास होते, तेव्हां शास्त्रीबोवाही तेथेंच; पण त्यांस महारोगानें गांठलें होतें, म्हणून त्यांना इतरांपासून वेगळें ठेवलें होतें. गांधीजींनीं त्यांस भेटण्याची इच्छा दर्शविली. ती परवानगी मिळाली नाहीं, तेव्हां दोघांमध्यें पत्रें चालूं लागलीं. पुढें रोग वाढला. ज्या विद्येमुळें लोक पायां पडत, ती विद्या तशीच असतां लोक दूर सरूं लागले. १९३९ च्या अखेरीस शास्त्रीबोवा सेवाग्रामास आले. आतां या भूमींत शांतपणें मरण यावें, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

गांधीजींनीं त्यांना परत धाडलें नाहीं. त्यांच्यासाठीं ही कुटी उभारण्यांत आली. ते रोज येत, जखमा पाहत, स्वतःच्या हातानें अंगाला मालिश करीत, आणि तें चाललें असतां दोघांच्या तोंडीं संस्कृत वचनें असत. मालिश करतांनाचें तें छायाचित्र आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. त्या काळीं या रोगावर खात्रीचें औषध नव्हतें. कडू कवठीचें तेल पोटांत किंवा सुईनें देत, त्याचा गुण अनिश्चित असे. अमेरिकेंत सल्फोन जातीच्या औषधांचा पहिला यशस्वी प्रयोग १९४१ सालीं झाला. तीं औषधें आपल्या खेड्यापाड्यांत पोंचण्यास आणखी पुष्कळ वर्षें लागलीं. म्हणजे सेवाग्रामांत शास्त्रीबोवांना रोगमुक्ति मिळण्यासारखी नव्हती, व ती मिळालीही नाहीं. शेवटीं ते जवळच्या दत्तपूरच्या कुष्ठधामांत राहिले व १९४५ सालीं तेथेंच वारले.

येथें एक गोष्ट बारकाईनें पाहण्यासारखी आहे. कुटी वेगळी होती. रोग सांसर्गिक, आश्रमांत पुष्कळ माणसें, औषध नाहीं. तेव्हां अंतर राखणें हा शहाणपणाचा भाग होता. पण त्या अंतरावरून रोज एक माणूस चालत जाई. अंतर राखलें गेलें, पण शास्त्रीबोवा कोणाला अंतरले नाहींत. आणि रोज येणारा माणूस त्यांच्याजवळ केवळ जखमा पाहण्यास येत नसे. त्यांच्या विद्येचा वाटेकरी म्हणूनही येई. हात झडले, पण पंडित पंडितच राहिला.

आम्ही त्या कुटीच्या उंबऱ्याशीं उभे होतों आणि आमचे पाय आंत जाईनात. नातीनें विचारलें, “आजोबा, बरं नाहीं का?” तिला तेव्हां कांहीं बोललों नाहीं. जें पन्नास वर्षें घरांत कोणी उच्चारलें नाहीं, तें येथें लिहितों.

आमची एक आत्या होती; बालविधवा, माहेरींच राहिलेली. आम्ही सात-आठ वर्षांचे असतांना तिच्या अंगावर फिकट चट्टे उठले, बोटें बधिर झालीं. वैद्य झाले, नवस झाले, अखेर तालुक्याच्या डॉक्टरांनीं रोगाचें नांव सांगितलें. त्या दिवसापासून तिची वळकटी परसाच्या पडवींत गेली. तिचें ताट जर्मनचें, पेला वेगळा. जेवण नेऊन देण्याचें काम आम्हां मुलांकडे होतें. ताट उंबऱ्यावर ठेवावें, दोन पावलें मागें सरावें आणि हांक मारावी, असा नियम होता. आम्हांस रामरक्षा आत्यानेंच शिकविली होती. आम्ही ती तिला दुरून म्हणून दाखवीत असूं. उच्चार चुकला कीं ती पडवींतून दुरुस्त करी. पुढें पुढें आम्ही तेंही सोडून दिलें. एकदां तिच्या तळहातावर मोठा फोड आलेला दुरूनच दिसला. गरम भांडें धरलें होतें, पण बधिरपणामुळें तिला कळलें नव्हतें. ती कोणाला बोलली नाहीं आणि आम्हींही घरांत सांगितलें नाहीं. तो फोड चिघळून तिचें एक बोट गेलें.

डॉक्टरांनीं डॅप्सोनच्या गोळ्या दिल्या होत्या. आत्यानें त्या वर्षानुवर्षें नेमानें घेतल्या. आम्ही शाळेच्या शेवटच्या वर्गांत असतांना डॉक्टरांनीं तपासून सांगितलें, “आतां बाईंच्या अंगांत जंतु नाहींत. त्यांना घरांत घ्या.” वडिलांनीं मान डोलावली, कोणी विरोधाचा शब्दही काढला नाहीं. पण वळकटी पडवींतच राहिली. रोग गेल्यावर आत्या नऊ वर्षें जगली, ती त्या पडवींत. त्या नऊ वर्षांत आम्ही शिक्षक झालों, आमचें लग्न झालें. नव्या सूनबाईला सर्वांच्या पायां पडविलें, पण पडवीकडे कोणी नेलें नाहीं. आम्हींही नाहीं.

सेवाग्रामांत औषध नव्हतें, पण माणसाला जागा होती. आमच्या घरीं औषध होतें, गुणही आला, आणि जागा नव्हती. नातीच्या प्रश्नाचें उत्तर या दोन कुटींच्या मध्यें कोठें तरी आहे, असें त्या संध्याकाळीं प्रथम वाटलें.

रात्रीं अतिथिगृहांत पडल्या पडल्या जुनें अध्ययन आठवलें. आपल्या भाषेंत निरोगी माणसाला ‘स्वस्थ’ म्हणतात. स्व अधिक स्थ. जो आपल्या ठिकाणीं आहे तो. सुश्रुतानें स्वस्थ पुरुषाचें लक्षण सांगतांना दोष, अग्नि, धातु यांचा समतोल तर सांगितलाच, पण आत्मा, इंद्रियें आणि मन यांची प्रसन्नताही त्यांत घातली. चरकानें सूत्रस्थानांत चिकित्सेचे चार पाय सांगितले: वैद्य, औषध, उपस्थाता म्हणजे शुश्रूषा करणारा, आणि स्वतः रोगी. उपस्थात्याच्या गुणांत शुश्रूषेचें ज्ञान, दक्षता व शुचित्व यांच्या जोडीला ‘अनुराग’ म्हणजे जिव्हाळा मोजला आहे. रोग्याच्या गुणांत ‘ज्ञापकत्व’ हा एक गुण आहे. आपल्याला काय होतें आहे तें रोग्यानें सांगितलें पाहिजे. हा शब्द आम्हीं कितीदां वाचला असेल! पण सांगण्यासाठीं जवळ कोणी बसलेलें असावें लागतें, हें त्या शब्दांत अनुस्यूत आहे, याचें भान त्या रात्रीपर्यंत आलें नव्हतें. आत्याचा फोड आठवला आणि झोंप गेली.

याच ग्रंथांनीं कुष्ठाला पापरोगही ठरविलें, हें सांगितल्यावांचून आमचा लेख प्रामाणिक होणार नाहीं. सुश्रुतानें हा रोग संसर्गानें पसरतो हें ओळखलें, पण त्याचा संबंध पातकांशीं व पूर्वजन्माशींही जोडला. नॉर्वेच्या हॅन्सेननें १८७३ सालीं या रोगाचा जंतु दाखवून दिला, तरी समाजाच्या मनांतून पातक गेलें नाहीं. रोग्याला त्याच्या दुःखाबरोबर अपराधही चिकटविणें हें अध्यात्माच्या नांवावर घडलेलें मोठेंच अनध्यात्म होय. आजही अंगारे-धुपारे व नवस यांच्या नादीं लागून औषधास उशीर करणारे थोडे नाहींत. त्यांनीं अध्यात्म हा शब्द आपल्या कामीं वापरूं नये.

दुसऱ्या दिवशीं नात म्हणाली कीं, जागतिक आरोग्य संघटनेनेंही हा विषय सोडलेला नाहीं. तिनें दाखविलेली माहिती अशी. संघटनेच्या घटनेंत आरोग्याची व्याख्या आहे: केवळ रोगाचा अभाव नव्हे, तर शरीर, मन व समाज या तिन्ही अंगांनीं पूर्ण सुस्थिति. ही घटना १९४६ सालीं स्वीकारली गेली व १९४८ पासून अंमलांत आली. १९८४ सालीं जागतिक आरोग्य सभेनें आरोग्याला आध्यात्मिक अंगही आहे असा ठराव केला. १९९८ सालीं तो शब्द मूळ व्याख्येंतच घालावा अशी शिफारस झाली. पण व्याख्या कांहीं बदलली नाहीं. आम्हांस याचें नवल वाटलें नाहीं. जो शब्द एका देशांत प्रार्थना, दुसऱ्यांत तत्त्वज्ञान आणि तिसऱ्यांत अंगारा असा अर्थ धारण करतो, तो कायद्याच्या कलमांत बसविणें कठीणच. लंडनमध्यें सिसिली सॉन्डर्स या बाईंनीं हा प्रश्न वेगळ्या वाटेनें सोडविला. त्या आधीं परिचारिका होत्या, मागाहून डॉक्टर झाल्या. मरणोन्मुख रोग्याच्या वेदनेंत शरीराची, मनाची, कुटुंबाची व अर्थशून्यतेची अशा सर्वच वेदना एकत्र असतात, असें त्यांनीं मांडलें आणि १९६७ सालीं अशा रोग्यांसाठीं स्वतंत्र शुश्रूषालय काढलें. त्याच धर्तीवर मुंबईस १९८६ सालीं शांति आवेदना सदन निघालें. व्याख्या राहिली बाजूला. तेथें रोग्याशेजारीं बसणारें माणूस नेमलें गेलें.

सेवाग्रामचें कस्तूरबा रुग्णालय आश्रमाच्या शेजारींच आहे. १९४४ च्या फेब्रुवारींत कस्तूरबा गेल्या. त्यांच्या स्मरणार्थ डॉ. सुशीला नायर यांनीं स्त्रिया व मुलें यांच्यासाठीं अवघ्या १५ खाटांचा दवाखाना सुरू केला. १९६९ मध्यें, म्हणजे गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, त्याला जोडून वैद्यकीय महाविद्यालय निघालें. खेड्यांत निघालेलें असें महाविद्यालय देशांत तें पहिलें. येथील विद्यार्थी खादी वापरतात, श्रमदान करतात, सर्वधर्मप्रार्थनेस बसतात, आणि प्रत्येक तुकडी एक खेडें दत्तक घेते. एकेका विद्यार्थ्याकडे कांहीं कुटुंबें सोंपविलेलीं असतात, त्यांच्या घरीं त्यानें जात राहावें. आम्हीं रुग्णालयाचे व्हरांडे पाहिले. गर्दी आपल्याकडील कोणत्याही मोठ्या रुग्णालयासारखीच. खेड्यांतून आलेलीं माणसें भाकरीच्या फडक्यासह बसलेलीं. नवीन यंत्रें आहेत, धांवपळ आहे, रागावणेंही असेल. खादी नेसल्यानें कोणी संत होत नाहीं, हें आम्हीही जाणतों. पण वैद्याच्या शिक्षणाचा पहिला पाठ झाडू हातांत घेऊन दिला जातो, यांत कांहीं एक विचार आहे. रोग्याच्या पातळीवर उतरण्याची संवय लागल्यावांचून रोगी कांहीं सांगत नाहीं.

शिबिर सुरू होण्यास अजून एक दिवस होता, म्हणून आम्ही दोघें दत्तपूरला जाऊन आलों. वर्ध्याजवळच तें आहे. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनीं १९३६ सालीं तेथें महारोगी सेवा समितीचें काम सुरू केलें. गांधीजींनीं रचनात्मक कार्यक्रमाच्या पुस्तिकेची सुधारलेली आवृत्ति १९४५ मध्यें काढली, तींत कुष्ठसेवेचा समावेश केला. त्यामागें परचुरे शास्त्री व दत्तपूर या दोन्हींचा अनुभव होता. पुढें १९५१ सालीं वर्ध्यासच गांधी स्मारक कुष्ठ प्रतिष्ठान स्थापन झालें. डॉ. वर्देकर व त्यांचे सहकारी यांनीं घरोघर पाहणी, लोकशिक्षण व उपचार अशी त्रिविध पद्धति घालून दिली. रोगी आपण होऊन येईल ही वाट पाहत न बसतां वैद्यानेंच त्याच्या दारीं जावें, हें तिचें सार.

दत्तपुरास एका ओसरीवर एक वृद्ध बाई सुपांत धान्य निवडीत बसल्या होत्या. हातांचीं बोटें आंखडलेलीं. आम्हांस पाहून म्हणाल्या, “या न जी, बसा. पानी घेता काय?” आणि दोन्ही तळहातांत तांब्या धरून त्यांनीं पाणी पुढें केलें.

वाचक हो, आम्हांस सर्व कांहीं ठाऊक होतें. हा रोग फार हळू पसरतो. बहुतेक माणसांच्या अंगीं त्याला तोंड देण्याची शक्ति उपजतच असते. औषध सुरू झाल्यावर संसर्गाची भीति लवकरच संपते. आणि या बाईंना बरें होऊनही तपें लोटलीं होतीं. हें सर्व ठाऊक असून आमचा हात क्षणभर पुढें झाला नाहीं. तेवढ्यांत नातीनें तांब्या घेतला, पाणी प्याली, व मग आमच्याकडे दिला. आम्हीही प्यालों. मग ती त्यांच्याजवळ जमिनीवर बसली, आणि त्यांचा हात आपल्या हातांत घेऊन म्हणाली, “आजी, हें कधीं भाजलं?”

“चूल पेटवतानी लागलं असन, माय. मले काही समजत नाही. म्हून तं रोज हात पाहा लागते.”

“घरीं परत नाहीं गेलांत?”

“गेली होती न. भावानं खाट गोठ्यात टाकली. मंग वापस आली. आता हेच घर हाये.”

त्या हें कोणताही कडवटपणा न आणतां बोलल्या आणि पुन्हां सुपाकडे वळल्या. नातीनें तो फोड तेथील कार्यकर्त्यांना दाखविला. त्यांनीं तो धुऊन पट्टी बांधली. सारें दहा मिनिटांचें काम. आमच्या आत्याचें बोट वांचविण्यास एवढीच दहा मिनिटें पुरलीं असतीं.

परतीच्या वाटेवर आम्हीं नातीला आत्याची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आजोबा, बहुविध औषधयोजना १९८१ सालीं सांगितली गेली. आतां सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या कीं हा रोग बरा होतो. २००५ च्या अखेरीस दर दहा हजारांत एकाहून कमी रोगी, इतकं प्रमाण आपल्या देशांत उतरलं.” आम्ही म्हणालों, “आणि कायदा?” तो तिला ठाऊक नव्हता; तो आम्हीं सांगितला. कुष्ठरोग्यांना डांबून ठेवण्यास मुभा देणारा १८९८ चा कायदा २०१६ सालीं रद्द झाला. जोडीदाराला कुष्ठरोग आहे एवढ्याच कारणावरून घटस्फोट मागण्याची तरतूद विवाहाच्या कायद्यांतून २०१९ सालीं काढण्यांत आली. म्हणजे औषध पोंचल्यानंतर कायद्याला शुद्धीवर येण्यास सदतीस-अडतीस वर्षें लागलीं. घराला किती लागतील, याचा हिशेब कोठेंच ठेवलेला नसतो.

तिसऱ्या दिवशीं आम्ही परत फिरलों. गाडींत एक विचार सारखा येत होता, आणि तो कुष्ठरोगाचा नव्हता. आमचे दादा दोन वर्षें अंथरुणावर आहेत. घरांत त्यांची हेळसांड आहे असें कोणी म्हणणार नाहीं. मागील खोलींत वरखालीं होणारी खाट आहे, पाण्याची गादी आहे, दोन वेळां येणारा पगारी माणूस आहे, औषधांचें वेळापत्रक भिंतीवर टांगलेलें आहे. खोली मागील अशासाठीं कीं, त्यांना गडबडीचा त्रास होऊं नये. सर्वजण दिवसांतून एकदां दाराशीं डोकावतात, “दादा, बरं आहे ना?” असें विचारतात आणि उत्तराची वाट न पाहतां जातात, कारण दादांची जीभ जड झाली आहे, त्यांना एक वाक्य पुरें करण्यास वेळ लागतो. आम्हीही त्यांतलेच. आमच्या घरांत पडवी पुन्हां बांधली गेली होती. या वेळीं ती अधिक स्वच्छ होती, एवढाच फरक. आणि हें आमच्याच घरीं आहे असें नव्हे; आजच्या काळांत औषधें पुष्कळ, खोल्या पुष्कळ, आणि आजाऱ्याशेजारीं बसण्यास वेळ कोणाजवळ नाहीं, अशी घरोघर स्थिति आहे.

घरीं पोंचल्यावर रात्रीं जेवणें झाल्यानंतर सर्वांना बसवून आम्हीं आत्याची हकीकत सांगितली. थोरल्या वहिनींच्या डोळ्यांना पाणी आलें. त्यांनीं आत्याला पाहिलें होतें. दुसऱ्या दिवशीं पुतण्यानें व आम्हीं मिळून दादांची खाट माजघरांत आणली. सुनेला प्रथम अडचण वाटली. येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर औषधांचा वास, भांडीं, कपडे. ती अडचण खरी होती व अजूनही आहे. एक पडदा लावला, वेळा ठरविल्या, कामें वांटून घेतलीं. संध्याकाळीं शुभंकरोति झाल्यावर धाकटा आतां दादांच्या खाटेशीं बसून रामरक्षा म्हणतो. एके दिवशीं तो एका शब्दाशीं अडखळला, आणि दादांनीं जड जिभेनें, थांबत थांबत, तो शब्द दुरुस्त केला. दोन वर्षांत त्यांनीं घरांतील कोणाला कांहीं शिकविल्याचा तो पहिला प्रसंग. त्यांचें अर्धांग बरें झालेलें नाहीं. होईल असें डॉक्टरही म्हणत नाहींत.

नातीचें पत्र परवां आलें. शिबिर संपलें, हाताला झाडूचे घट्टे पडले, आणि लौकरच खेड्यांतील कुटुंबें वांटून मिळतील, असें तिनें कळविलें आहे. शेवटीं लिहिलें आहे: ‘आजोबा, माझ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे राहिलं आहे.’

आम्हीं तिला लिहिलें तें असें. चि. सौभाग्यकांक्षिणीस अनेक आशीर्वाद. रोगी आपल्या ठिकाणावरून ढळलेला असतो. शरीर ढळतें तें औषधानें सांवरतें, किंवा सांवरत नाहीं. पण घरांतील, गांवांतील, माणसांतील त्याची जी जागा सुटते, ती त्याला परत देणें, निदान ती सुटूं न देणें, हें रोग्याजवळचें अध्यात्म. त्याला मोजण्याचें यंत्र नाहीं. पण रोग्याचा हात हातांत घेऊन, त्याचें वाक्य पुरें होईपर्यंत बसलीस, तर तें घडलें असें समज. दत्तपुरास तें तूं केलेंस. समास सोडविणाऱ्या आम्हांस तें साठी उलटल्यावर तुझ्याकडून शिकावें लागलें. दादांचे आशीर्वाद. ते त्यांनीं स्वतः सांगितले आहेत, आणि आम्हीं ते शेवटपर्यंत ऐकून मगच लिहिले आहेत.